इंग्लंडमध्ये काउंटीसाठी मुलींची चेस टीम उभी करायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी यिअर फोरला (वय आठ-नऊ) आहे, शाळेच्या क्लबमध्ये आणि शनिवारी ज्युनिअर क्लबमध्ये खेळते. काउंटीची अंडर ११ टीम आहे पण त्यात मुली दोनच. काउंटी असोसिएशनवाले म्हणाले की मुलींची वेगळी टीम कुणी चालवणार असेल तर एन्ट्री आम्ही भरतो. तर आईने विचारलंय, मला स्वतःला चेस जेमतेम येतं, मला हे जमेल का आणि सुरुवात कुठून करू?

ताई, जमेल. मी बरीच वर्षं इकडे मुलींच्या टीम चालवतेय आणि मी पाहिलेल्या चांगल्या टीम मॅनेजर्सपैकी काहींना घोड्याची चाल सोडून फारसं काही येत नव्हतं. कोचिंग करायला दुसरं कुणीतरी मिळतं, काउंटीत एखादा रिटायर्ड क्लब प्लेअर आनंदाने येतो. मॅनेजरचं काम म्हणजे मुली शोधणं, त्यांच्या आयांशी-बाबांशी बोलणं, कोण येणार कोण नाही याची यादी ठेवणं, आणि मॅचच्या दिवशी हरलेली मुलगी एकटी बसलेली नाहीये ना हे बघणं. हे तुम्हाला आत्ताच येतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, कारण जवळजवळ सगळे उलट्या बाजूने सुरुवात करतात. सगळे आधी भारी मुली शोधतात. अहो, काउंटीतल्या वरच्या दोन-तीन मुली शोधायची गरजच नसते, त्यांची नावं ईसीएफच्या म्हणजे इंग्लिश चेस फेडरेशनच्या रेटिंग लिस्टमध्ये आहेत, रेटिंग दर महिन्याला निघतं, कोणीही बघू शकतं, आणि त्यांचे आईबाबा तुम्हालाच फोन करतील. टीम अडते ती खाली. समजा १० बोर्डांची मॅच आहे, म्हणजे दोन्हीकडून दहा-दहा मुली, सगळ्यात तयार मुलगी पहिल्या बोर्डावर आणि तशाच क्रमाने खाली, तर पहिल्या बोर्डावरचा विजय एक पॉइंट आणि दहाव्या बोर्डावरचा विजयही एकच पॉइंट. वरच्या बोर्डांवर समोरच्या काउंटीचीही तेवढीच तयार मुलगी असते, तिथे निकाल कुठेही जाऊ शकतो, पण आठव्या, नवव्या, दहाव्या बोर्डावर बहुतेक टीमनी कुणालातरी शेवटच्या आठवड्यात गळ घालून बसवलेलं असतं, कधीकधी खुर्ची रिकामीच असते. तिथे तुमच्या तीन मुली अशा असतील की ज्या वर्षभर एकमेकींबरोबर खेळल्यात, घड्याळ वापरता येतं, वजीर जास्त असताना मात करता येते, तर तुम्ही मॅचमध्ये आहात. म्हणून तुमचा वेळ, कोचचा वेळ, सगळ्यात जास्त खालच्या चार बोर्डांवर घाला. माझं सगळं म्हणणं याच्याभोवतीच आहे, बाकी तपशील.

स्पर्धा कुठल्या ते पटकन सांगते. प्रायमरीच्या वयाच्या टीम स्पर्धा एप्स्का म्हणजे इंग्लिश प्रायमरी स्कूल्स चेस असोसिएशन घेते, त्यात अंडर ११ मुलींची स्पर्धा वेगळी असते, आणि मोठ्या वयोगटांच्या काउंटी स्पर्धा नॅशनल युथ चेस असोसिएशन घेते. किती बोर्ड, किती राउंड, वेळ किती, हे त्या सीझनच्या नियमावलीत बघा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. दोन मुद्दे मात्र आत्ताच समजून घ्या. एक, वय. इथल्या शालेय चेसमध्ये वय ३१ ऑगस्टला मोजतात, म्हणजे शाळेच्या वर्षाप्रमाणे, फिडे या आंतरराष्ट्रीय चेस संघटनेसारखं १ जानेवारीला नाही. भारतातून नुकते आलेले पालक इथे हमखास गोंधळतात. दुसरा, काउंटी म्हणजे नक्की कुठली. चेसमधल्या काउंट्या कौन्सिलच्या नकाशावर चालत नाहीत. मिडलसेक्स ही प्रशासकीय काउंटी १९६५ मध्ये संपली पण चेसमध्ये मिडलसेक्स आजही खेळते, आणि हॅरो, ईलिंगला राहणारी आपली कितीतरी मंडळी त्यात येतात. क्रॉयडन आज लंडनमध्ये, चेसमध्ये सरेचं. स्लाव तर १९७४ पर्यंत बकिंगहमशायरमध्ये होतं, आता बर्कशायरमध्ये. सीमेवर राहणाऱ्या मुलींच्या बाबतीत घर कुठे, शाळा कुठे, आधी कुठल्या काउंटीकडून खेळली आहे का, हे एन्ट्रीच्या आधी विचारा आणि शेजारच्या काउंटीच्या मॅनेजरशी सरळ बोलून घ्या. लहान मुलीवरून दोन मोठ्या माणसांनी ईमेलवर भांडणं फार वाईट दिसतं आणि ती मुलगी ते विसरत नाही.

आता मुली कुठे मिळतात.

सगळ्यात आधी काउंटीच्या मुलांच्या मॅचला जा आणि कॅन्टीनमध्ये बसा, हॉलमध्ये नको. तिथे भावाची मॅच संपायची वाट बघत बसलेल्या बहिणी असतात, समोर रंगीत पेन्सिली, आणि त्यातल्या निम्म्या जणींना चेस येत असतं कारण घरी भावाला कुणीतरी समोर लागतंच. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं एवढंच. घरात खेळ आहे, बोर्ड आहे, आईबाबा तसेही त्या हॉलला येणारच आहेत. खाडिलकर भगिनी आठवा, वसंती, जयश्री, रोहिणी, मुंबईच्या एकाच घरातल्या तिघी आणि भारतातलं महिला चेस सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांच्याच नावावर होतं. घरातलं दुसरं मूल विचारात घ्या, मी तर प्रत्येक पालकाला हाच पहिला प्रश्न विचारते.

मग यूके चेस चॅलेंज. माइक बासमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा शाळेपासून सुरू होते, पुढे काउंटी पातळीवर मेगाफायनल, मग गिगाफायनल, टेराफायनल. मेगाफायनलला प्रत्येक वयोगटात मुलींचा निकाल वेगळा लागतो, पहिल्या आलेल्या मुलीला सुप्रीमा म्हणतात. पण तुम्ही सुप्रीमाच्या मागे लागू नका, ती मिळेलच. ज्यांना सहापैकी दोन-अडीच पॉइंट मिळाले आणि तरी शेवटच्या राउंडपर्यंत बसल्या त्या मुली बघा. दिवसभर हरत-जिंकत हॉलमध्ये टिकणारी मुलगी टीमला फार उपयोगाची असते. आयोजकांना विचारून त्यांच्यामार्फत पालकांना निरोप पाठवा, स्वतःहून मुलीजवळ जाऊन नंबर मागू नका.

तिसरी जागा म्हणजे शाळा. चेस इन स्कूल्स अँड कम्युनिटीज ही चॅरिटी २००९ पासून सरकारी शाळांमध्ये चेस शिकवते, शिवाय खाजगी ट्यूटर असतात. या ट्यूटर लोकांना एक साधा प्रश्न विचारा, तुमच्या क्लबमध्ये अशा कोण मुली आहेत ज्या सोडून जायच्या बेतात आहेत? वीस मुलांच्या क्लबमध्ये दोन मुली असतात, एक गेली की दुसरी पुढच्या आठवड्यात जाते. त्या जाणाऱ्या मुलीला जर कळलं की काउंटीत अशा अजून दहाजणी आहेत आणि महिन्यातून एका रविवारी त्या भेटतात, तर ती थांबते. मला हे इतक्या वेळा दिसलंय की आता मी ट्यूटरना सप्टेंबर उजाडायची वाटच बघू देत नाही. शाळा तुम्हाला नाव-पत्ते देणार नाही आणि देऊही नये, तुमचं अर्ध्या पानाचं पत्र त्यांनीच पालकांना पाठवावं एवढं मागा. पत्रात रेटिंग, सिलेक्शन, ट्रायल असले शब्द घालू नका. "चाली येत असतील तर या" एवढं पुरतं.

आपलं मंडळ हेही विसरू नका, गणपतीत एका कोपऱ्यात चार बोर्ड मांडून ठेवले तरी तासाभरात कोणाकोणाला येतं ते दिसतं. पण टीम फक्त आपल्या लोकांची होऊ देऊ नका ताई. काउंटीची टीम काउंटीसारखी दिसली पाहिजे, आणि ज्या घरात कुणालाच चेस येत नाही तिथली मुलगी आणायला जास्त कष्ट पडतात म्हणूनच तिथे जास्त जायचं.

इथे एक अडचण येणार आहे ती आत्ताच सांगते. तुम्ही साहजिकच यिअर सिक्सच्या मुली धराल कारण त्या सगळ्यात तयार. पण ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सरकारी सेकंडरी शाळा) असलेल्या भागात, म्हणजे केंट, बकिंगहमशायर, स्लाव वगैरे, इलेव्हन प्लस ही त्यांची प्रवेश परीक्षा यिअर सिक्सच्या सुरुवातीला सप्टेंबरमध्ये असते, त्यामुळे यिअर फाइव्हचा पूर्ण उन्हाळा ट्यूशनमध्ये जातो आणि चेस सगळ्यात आधी सुटतं. मग मे महिन्यात सॅट्स, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या परीक्षा. मग वर्ष संपलं, मुलगी वयोगटाच्या बाहेर. म्हणजे यिअर सिक्सवर बांधलेली टीम दरवर्षी शून्यावर येते. तुमची मुलगी फोरला आहे हे नशीबच समजा, तिच्या वयाच्या आणि तिच्याहून लहान अशा सहा-सात मुली गोळा करा, पहिल्या वर्षी हरतील, बऱ्यापैकी हरतील, पण तिसऱ्या वर्षी त्याच मुली यिअर सिक्सला असतील आणि तोवर त्या मैत्रिणी झालेल्या असतील. मैत्रिणी असलेल्या मुली परीक्षेच्या वर्षीही महिन्यातला एक रविवार सोडत नाहीत, आईबाबांशी भांडून येतात.

शिकवायचं काय? कोच मिळाला की तो ओपनिंग शिकवायला लागेल, त्याला थांबवा. खालच्या बोर्डांवर पॉइंट ओपनिंगमध्ये जात नाहीत. तिथे तीन ठिकाणी जातात. पहिलं, जिंकलेला डाव स्टेलमेट. वजीर आणि हत्ती दोन्ही जास्त, समोर एकटा राजा, आणि मुलगी घाईत राजाची सगळी घरं बंद करते पण शह देत नाही, अर्धा पॉइंट गेला आणि वर ती रडतेय. दोन हत्तींची मात, वजीर-राजाची मात, मग एकट्या हत्तीची मात, हे प्रत्येकीला घड्याळ लावून, दोन मिनिटांत, डोळे झाकून जमेल इतकं करून घ्या. दुसरं, वेग. अर्ध्या तासाचा डाव सहा मिनिटांत संपवून बाहेर येतात. याला उपदेशाचा काही उपयोग होत नाही, मी चाली लिहायला लावते, स्पर्धेत सक्ती नसली तरी, कारण लिहिताना हात थांबतो आणि हात थांबला की डोळे बघतात. शिवाय लिहिलेला डाव नंतर कोचला दाखवता येतो. तिसरं, नियम. टच मूव्ह म्हणजे हात लावलेलं मोहरंच खेळायचं, चुकीची चाल झाली तर घड्याळ थांबवून हात वर करायचा आणि आर्बिटरला म्हणजे पंचांना बोलवायचं. लहान मुली, विशेषतः आपल्याकडच्या, समोरची म्हणाली "तू हरलीस" की मान डोलावून हात मिळवतात. हा प्रसंग नाटकासारखा करून घ्या, एकीने खोटं बोलायचं, दुसरीने शांतपणे हात वर करायचा. हसतहसत शिकतात आणि हॉलमध्ये तो हात खरंच वर जातो. माझ्या मते दहा वर्षांच्या मुलीला चेसमधून मिळणारी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आर्बिटरला बोलवायची हिंमत.

प्यादं वजीर करायचा शेवट, राजासमोर राजा, हे त्याच्यानंतर. आणि ओपनिंगचं म्हणाल तर चार चालींच्या मातेपासून वाचणं, मोहरे बाहेर काढणं, कॅसलिंग, पहिल्या वर्षी एवढं पुरे.

सराव एकत्र हवा. ऑनलाइन चालतं, लिचेस या चेसच्या वेबसाइटवर टीम करता येते आणि तिथे किड मोड असतो ज्यात चॅट बंद होतं, तो प्रत्येक मुलीच्या अकाउंटला लावून घ्या. पण ऑनलाइनवर मैत्री होत नाही. चर्च हॉल, लायब्ररीची खोली, शाळेचा हॉल, काहीही चालेल, दोन तास, त्यात अर्धा तास खाऊ आणि दंगा. तो अर्धा तास वेळापत्रकात लिहूनच ठेवा, कोच लोक तो खातात.

सेफगार्डिंगमध्ये सवलत नाही. डीबीएस (मुलांबरोबर काम करणाऱ्यांची गुन्हेगारी नोंदींची) तपासणी तुमचीही आणि कोचचीही, काउंटीच्या वेल्फेअर ऑफिसरचं नाव प्रत्येक पालकाला माहीत पाहिजे, खोलीत कायम दोन मोठी माणसं, ऑनलाइन क्लासला पालक त्याच खोलीत. व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त पालकांचा, मुलींना थेट मेसेज कुणीही करायचा नाही, कोचनेही नाही. फोटोची लेखी परवानगी वर्षाच्या सुरुवातीलाच घ्या, आणि एखाद्या घरातून नाही आलं तर का ते विचारू नका.

पैशाचं सांगायचं तर इंग्लंडमध्ये चेसला खेळ म्हणून सरकारी मान्यता नाही, त्यामुळे इतर खेळांना स्पोर्ट इंग्लंडकडून मिळतात तसे पैसे इथे येत नाहीत आणि काउंटी असोसिएशनची तिजोरी लहानच असते. एन्ट्री त्यांनी भरली तर हॉलचं भाडं आणि कोचचं मानधन पालकांत वाटून घ्या, रक्कम वर्षाच्या सुरुवातीला एकदाच सांगा, आणि एक-दोन जागा विनाशुल्क ठेवा ज्यांचं नाव तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. गाड्या शेअर करा. ज्या आईला रविवारी काम असतं तिची मुलगी गाडीअभावी सुटता कामा नये.

आता सगळ्यात नाजूक विषय, बोर्ड ऑर्डर. खेळायच्या ताकदीप्रमाणे लावायची, दुबळी मुलगी मुद्दाम वर बसवून बाकीच्यांना सोपे बोर्ड द्यायचे हा प्रकार करू नका, नियमातही बसत नाही आणि त्या मुलीचं नुकसान होतं. अडचण अशी की लहान मुलींचं रेटिंग मागे असतं, तीन महिन्यांत मुलगी शंभर-दोनशे पॉइंटनी सुधारते पण डाव कमी खेळल्यामुळे लिस्टवर दिसत नाही, कितीजणींना तर रेटिंगच नसतं. मग तिसऱ्या बोर्डावर कोण यावरून पालकांचे लांबलचक मेसेज येतात. उपाय एकच, सीझनच्या आधी लिहून सगळ्यांना पाठवायचं की क्रम कसा ठरेल: रेटिंग, सरावातले निकाल, आणि शेवटचा शब्द कोचचा. मग कुणासाठीही बदलायचा नाही, स्वतःच्या मुलीसाठी तर नाहीच. तुमची मुलगी टीममध्ये आहे म्हणून तिचा बोर्ड ठरवताना तुम्ही बोलूच नका, कोचला ठरवू द्या आणि हे पालकांना सांगून टाका.

राखीव मुली तीन-चार ठेवा, हिवाळ्यात सर्दी-ताप चालूच असतो. पण राखीव मुलीला नुसतं "तयार राहा" म्हणून ठेवलं तर ती पुढच्या वर्षी येत नाही. शेजारच्या काउंटीशी फ्रेंडली मॅच ठरवा आणि तिथे त्यांना आधी खेळवा. काउंटीचा टी-शर्ट सगळ्यांना, राखीव धरून.

मॅचच्या दिवशी: बोर्ड, घड्याळं कुणी आणायची ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी टीमनेच आणायची असतात. फोन गाडीत किंवा तुमच्याकडे, खिशात फोन वाजला तर डाव जातो आणि स्मार्ट वॉचलाही तोच नियम, यिअर सिक्सच्या मुलींच्या मनगटावर हमखास असतं. डबा नट-फ्री. पालक हॉलच्या बाहेर. टीमसाठी एक टेबल पकडा आणि दोन राउंडच्या मध्ये तिथे एक मोठं माणूस कायम बसलेलं असू द्या. मुलगी बाहेर आली की निकाल विचारू नका, "कसा झाला डाव, दाखवतेस?" असं विचारा, जिंकली-हरली ते ती स्वतः सांगते. टीमचा स्कोअर मात्र मोठ्या कागदावर लावून ठेवा, त्यात दहाव्या बोर्डाचा एक पहिल्या बोर्डाच्या एकाखालीच दिसतो, आणि ज्या मुलीला वाटत होतं आपण फक्त जागा भरायला आलोय तिला ते दिसणं गरजेचं असतं.

शेवटी, तुमच्या घरातच कुणीतरी विचारेल की मुलींची वेगळी टीम कशाला, चेस तर डोक्याचा खेळ. हा प्रश्न मला दरवर्षी येतो. माझं उत्तर असं की मुलींची टीम खुल्या टीमच्या बदल्यात नाही, तिच्याबरोबर आहे. तयार मुलीने दोन्ही खेळायचं, आणि काउंटीच्या खुल्या टीमच्या मॅनेजरने तिला "तुमची वेगळी टीम आहे ना" म्हणून वगळलं तर तिथे तुम्ही ठाम उभं राहायचं. रोहिणी खाडिलकर १३ वर्षांच्या असताना १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, त्यावरून वाद कोर्टापर्यंत गेला आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना सांगावं लागलं की स्त्रियांना अडवता येणार नाही. ते दार आपल्याच एका मुलीने उघडलंय, ते बंद होऊ द्यायचं नाही. आज इथल्या मुलींना तर नावं समोर दिसतात, हॅरोची बोधना शिवानंदन ९ वर्षांची असताना २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडला इंग्लंडच्या महिला टीममधून खेळली, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला आणि त्यातूनच ग्रँडमास्टर झाली. सरावात त्यांचा एखादा डाव जरूर लावा. पण तुमच्या नवव्या बोर्डाच्या मुलीला त्यांच्यासारखं व्हायचंय असं गृहीत धरू नका, तिला कदाचित रविवारी मैत्रिणींबरोबर चांगलं खेळायचंय एवढंच, आणि तिच्यासाठीही ही टीम तेवढीच आहे.

आणि यिअर सेव्हनला गेलेल्या मुली सोडू नका. सेकंडरीत गेल्या की चेस सुटायचं प्रमाण खूप आहे, नवीन शाळेत क्लब नसतो किंवा त्यात सगळी मुलंच. त्यांना लहान मुलींच्या सरावाला मदतनीस म्हणून बोलवा, वजीर-राजाची मात त्यांनाच शिकवू द्या, एखाद्या वर्षात अंडर १४ च्या वयाच्या पाच-सहाजणी पुन्हा जमलेल्या असतात आणि मोठ्या गटाची टीम तिथूनच सुरू होते. तुम्ही तूर्तास एवढंच करा: काउंटी असोसिएशनला होकार कळवा, डीबीएसचा अर्ज टाका कारण त्याला वेळ लागतो, आणि पुढच्या काउंटी मॅचला कॅन्टीनमध्ये एक बोर्ड मांडून बसा.